ठोकून बघणं

सातपूरला, अशोकनगरच्या मागच्या गल्लीत
माझी जीप सध्या दोन ठिकाणी आहे.
बॉडी चार ड्रमांवर,
आणि चेसी खाली, पत्र्याच्या सावलीत, उताणी.

पाटबंधारे खात्याच्या लिलावात घेतली तेव्हा
दारावर पिवळ्या रंगात "उपविभाग क्र." एवढंच उरलेलं.
एकोणीस वर्षं मी तो क्रमांक
भरलाही नाही, खोडलाही नाही.

बाप तांबट.
हंडा घडवताना बघायचा कमी, ऐकायचा जास्त.
म्हणायचा, डोळ्याला फसवता येतं, कल्हई करून.
कानाला नाही.
तर मीही लहान हातोडी घेऊन
इंचाइंचाने रेल वाजवत निघालो.
टण.
टण.
टण.
आणि मागच्या शॅकलपाशी
थप्,
ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा.
हातोडीचं टोक आत गेलं.
मी ते लगेच बाहेर काढलं नाही.

इसाकभाई म्हणाले, पट्टी मारू, दोन वर्षं चालून जाईल.
सरोज म्हणाली, गुडघ्याबद्दल हे असंच बोलत होते.

मग द्वारकेच्या भंगारात दुसरी चेसी सापडली,
कधीकाळच्या फौजी गाडीची, सरळ, कोरडी.
पेठ रोडला आरटीओत तीन खेपा झाल्या.
जुन्या रेलवरचा नंबर
कागद लावून, पेन्सिल घासून उतरवून नेला.
साहेब म्हणाला, हा आठ आहे की तीन?
मी म्हटलं, साहेब, घरी या,
बोट फिरवून बघा.

रविवारी ग्राइंडर लावला.
ठिणग्या शेजारच्या खैरनारांच्या स्कूटरवर उडाल्या,
ते बोलले, मी ऐकून घेतलं.
आणि रेल दुभंगली तर आतून माती.
मूठभर नाही. घमेलंभर.
थर धरून बसलेली, विटेसारखी.
वर तांबडी, हरसूलकडची,
जिथे उतारावर ब्रेक गेला आणि करवंदीच्या जाळीनं आम्हाला झेललं.
तिच्याखाली काळी, निफाडची,
लग्नाला निघालेलो, पोचलो सूप वाजल्यावर.
मग राखाडी, घोटीच्या भातखाचरातली;
कोणत्या वर्षीची, सरोजला विचारलं,
तिलाही आठवेना.
आणि अगदी तळाला चमचाभर रेती
जी माझी नव्हेच.
कुठल्यातरी कालव्याची,
कुण्या ओव्हरसियरच्या दौऱ्याची,
उपविभाग क्र. पुढे काहीच नाही, त्याची.

दरवर्षी दिवाळीआधी मी जीप धुतली.
पाइप लावून, बाहेरून, मन लावून.
ही आत बसलेली, ओल धरून,
पत्रा खात,
घाई नसलेल्या पाहुण्यासारखी.
जिथे जिथे हसलो
तिथलीच.

सरोज घमेलं घेऊन कुंड्यांकडे निघाली.
अगं, गंज आहे त्यात.
लोह म्हणतात त्याला, म्हणाली, आणि
जास्वंदीच्या बुडाशी पालथं केलं.

बॉडी बसवायला सात माणसं आणि एक चेन कप्पी.
भोकं जुळेनात, अर्ध्या बोटानं हुकत होती.
इसाकभाईंच्या मुदस्सिरनं पहार घातली,
सगळे एकदम "हां" म्हणाले
आणि ती बसली.
मी नवी रेल वाजवून पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
टण. सगळीकडे टण.
कुठेही गेलेली नाही अजून आमच्याबरोबर,
म्हणून इतकी मोकळी वाजते.

संध्याकाळी ताडपत्री झटकली तर
एक बोल्ट उरलेला.
सोळा नंबरचा, धड, आटे शाबूत.
इसाकभाईंनी चष्मा पुसला, मुदस्सिर वाकून खाली बघून आला,
सरोजनं माझ्याकडे पाहिलं.
कुणालाच सांगता येईना, कुठला.

आता गंगापूर धरणाच्या रस्त्यावर
तो माझ्या खिशात आहे.
रेडिओ बंद.
काचा खाली.
कान बापाचा.